पापणी का लवते?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंचवीस मिनिटं दिली आहेत आणि एकच अट घातली आहे: डोळ्यांविषयी बोल, पण कुणाचे डोळे मिटणार नाहीत असं बोल. समोर नुकतंच पुरणपोळीचं जेवण झालेली मंडळी बसली आहेत. तेव्हा अट कठीण आहे, पण प्रयत्न करतो.

डोळ्यांचा डॉक्टर उभा राहिला की मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहामुळे पडद्याला होणारी इजा हे विषय ठरलेले. ते महत्त्वाचे आहेतच, पण त्यांच्याबद्दल आपल्या वयाच्या माणसांनी बरंच ऐकलेलं असतं. मी त्यामानाने अगदी किरकोळ वाटणारा विषय घेतला आहे. पापणी लवणं. कुणी त्याला डोळा फडफडणं म्हणतं, कुणी पापणी उडते म्हणतं. कधी ना कधी डोळा लवलेला नाही असा माणूस या सभागृहात सापडणं अवघड आहे. शंभरातल्या बहुतेकांना मी 'काही झालेलं नाही, घरी जाऊन झोपा' एवढंच सांगतो. पण उरलेल्या थोड्यांचे फार हाल होतात. आजारापेक्षाही आजूबाजूच्यांच्या बोलण्याने होतात. मला मुख्यतः त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. तिथवर पोचायला आधी थोडी उजळणी करू.

पहिला प्रश्न बहुतेक वेळा रुग्ण नव्हे, त्याच्याबरोबर आलेली आजी विचारते. 'उजवा की डावा?' पुरुषाचा उजवा शुभ, बाईचा डावा शुभ, हे आपण लहानपणापासून ऐकलं आहे. ही समजूत फार जुनी आहे. वाल्मीकी रामायणाच्या किष्किंधाकांडात राम आणि सुग्रीव यांची मैत्री होते, त्या क्षणी सीता, वाली आणि रावण या तिघांचेही डावे डोळे एकदम लवले, असं वर्णन आहे. सीतेला तो शुभशकुन, उरलेल्या दोघांना अशुभ. कालिदासाच्या शकुंतलेचा उजवा डोळा दुष्यंताच्या दरबारात लवतो, आणि पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. काव्यात हे फार सुंदर दिसतं. पण याच देशातल्या वैद्यांनी त्याकडे आजार म्हणूनही पाहिलं होतं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापण्यांचे २१ रोग मोजले आहेत, आणि त्यात 'निमेष' नावाचा एक आहे. वायूमुळे पापण्या वाजवीपेक्षा जास्त हलू लागतात, असं त्याचं वर्णन. म्हणजे शकुन आणि निदान या दोन्ही वाटा आपल्याकडे जुन्याच आहेत. आज आपण दुसऱ्या वाटेने जाऊ.

डोळ्याभोवती एक पातळ, गोलाकार स्नायू असतो. पिशवीच्या तोंडाला नाडी असते ना, तसा. तो आवळला की डोळा मिटतो. वरची पापणी उचलायला वेगळा स्नायू आहे. मिटणाऱ्या स्नायूला हुकूम येतो तो चेहऱ्याच्या नसेकडून, आणि त्या नसेला मेंदूकडून. जागेपणी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी मिटतो. दिवसाचा हिशेब केला तर पंधरा हजारांच्या घरात जातो. इतकं काम करूनही हा स्नायू तक्रार करत नाही. क्वचित करतो, तेव्हा आपण म्हणतो, डोळा लवतोय.

या लवण्याचे तीन प्रकार आहेत. वरून ते सारखे दिसतात, पण त्यांचं मूळ तीन वेगळ्या ठिकाणी आहे.

पहिला प्रकार साधा. बहुतेक वेळा एकाच डोळ्याची, आणि त्यातही खालची पापणी, आतल्या आत थरथरते. वैद्यकीय भाषेत याला मायोकिमिया म्हणतात. स्नायूचे मूठभर तंतू आपलेआप आकुंचन पावतात, एवढंच. पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ त्वचा असल्यामुळे आपल्याला ते फार मोठं वाटतं. माणूस ऑफिसात तोंड लपवून बसतो, कारण त्याला वाटतं की सगळ्यांना दिसतंय. प्रत्यक्षात समोरच्याला बहुधा काहीच दिसत नाही. आरशाजवळ जाऊन निरखून पाहावं लागतं.

हे का होतं? अपुरी झोप, थकवा, मनावरचा ताण, चहा-कॉफीचा अतिरेक, डोळ्यांचा कोरडेपणा आणि चष्म्याचा चुकलेला नंबर ही नेहमीची कारणं. मोबाइल किंवा संगणकाकडे टक लावून पाहताना आपण पापण्या मिटायचंच विसरतो. मिटण्याचं प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं, डोळा कोरडा पडतो आणि चुरचुरतो. गेले दोन महिने या मेळाव्याच्या व्हॉट्सअॅप गटावर रात्री एक एक वाजेपर्यंत ज्यांच्या चर्चा रंगल्या, त्यांच्यापैकी कितीजणांच्या पापण्या लवल्या असतील याचा मला अंदाज आहे. नावं घेत नाही. स्मरणिकेचं काम त्यांच्याकडेच आहे.

उपचार सोपा आहे, म्हणून कुणी करत नाही. सात-आठ तास झोप. दुपारनंतरचा चहा बंद, निदान कमी. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ फडक्याचा शेक. डोळे कोरडे असतील तर डॉक्टरांना विचारून कृत्रिम अश्रूंचे थेंब. पडद्यासमोर काम असेल तर दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर पाहायचं. चष्म्याचा नंबर तपासून घ्यायचा. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत हे लवणं बंद होतं. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा हल्ली बराच बोलबाला आहे. शरीरात खरोखर कमतरता असेल तर त्या द्याव्याच लागतात, पण एरवी त्यांनी पापणी थांबते असा भक्कम पुरावा नाही. उगीच खाऊ नका.

दुसरा प्रकार चेहऱ्याच्या एकाच बाजूचा. सुरुवात डोळ्यापासूनच होते, म्हणून तो पहिल्यासारखा वाटतो. पण काही महिन्यांत तो गालावर उतरतो, मग ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जातो. डोळा मिटतो तेव्हाच तोंडही त्या बाजूला ओढलं जातं. झोपेतही तो थांबेलच असं नाही. याचं नाव हेमिफेशियल स्पाझम. इथे बिघाड पापणीत नसतो. चेहऱ्याची नस मेंदूतून जिथे बाहेर पडते, तिथे बहुतेक वेळा एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली असते, आणि तिच्या ठोक्यांनी नस चाळवत राहते. क्वचित तिथे गाठही असू शकते, म्हणून एमआरआय काढावा लागतो. अशा रुग्णाला मी मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवतो. इंजेक्शनने आराम पडतो, आणि योग्य रुग्णात शस्त्रक्रियेने नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये छोटी गादी ठेवून दोघांना वेगळं करता येतं.

आता तिसरा प्रकार, ज्यासाठी मी हा विषय घेतला. ब्लेफरोस्पाझम. यात दोन्ही डोळे एकदम मिटतात, आणि माणसाच्या इच्छेविरुद्ध मिटतात. सुरुवात फसवी असते. पापण्यांची उघडझाप वाढते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं, उजेड सोसत नाही. थेंब दिले जातात, चष्मा बदलला जातो. मग हळूहळू डोळे घट्ट आवळले जाऊ लागतात, आधी काही सेकंद, मग अधिक काळ. हा आजार साधारण पन्नाशी-साठीत सुरू होतो, म्हणजे आपल्याच वयात, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. दोष डोळ्यात नसतो. हालचालींचं नियंत्रण करणारी जी केंद्रं मेंदूत खोलवर आहेत, त्यांच्या कामात गडबड होते. डोळे तपासले तर नजर सहाला सहा. पण रस्ता ओलांडायच्या क्षणी डोळे मिटले तर त्या सहाला सहाचा उपयोग काय?

माझ्याकडे आलेल्या एका बाईंची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ५६, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. तीन वर्षं त्रास. तीन वर्षांत चार चष्मे झाले होते, थेंबांच्या बाटल्यांची पिशवीच भरली होती. एके ठिकाणी 'मनाला लावून घेऊ नका' असं सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. गावातल्या भगताचा अंगारा लावून झाला होता. एसटीच्या पायऱ्या उतरताना दोनदा पडल्या होत्या. त्यांचे यजमान त्यांना हाताला धरून आत घेऊन आले, पण त्यांचा सूर वैतागलेला होता. ते म्हणाले, 'डॉक्टर, ही वर्गात शिकवते तेव्हा डोळे टक्क उघडे असतात. मी स्वतः जाऊन पाहिलंय. मग घरी भाकरी करतानाच कसे मिटतात?' बाई काही बोलल्या नाहीत. तीन वर्षांत त्यांनी हे किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे.

मी बाईंना म्हटलं, 'सतराचा पाढा म्हणा.' यजमान माझ्याकडे पाहतच राहिले. बाईंनी सुरुवात केली आणि तिसऱ्या घराला डोळे उघडले. सतरा पाचे पंच्याऐंशीपर्यंत त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या. मी थांबायला सांगितलं. त्या थांबल्या, आणि दोन-तीन सेकंदांत डोळे पुन्हा गच्च मिटले. यजमान म्हणाले, 'बघा! मी हेच म्हणतो.' मी म्हटलं, 'मलाही हेच पाहायचं होतं.'

मंडळी, या आजाराची गंमत म्हणा, क्रूरपणा म्हणा, इथेच आहे. अनेक रुग्णांमध्ये एखादी छोटी युक्ती डोळे उघडून देते. कुणी गुणगुणतं, कुणी मोठ्याने बोलतं, कुणी सुपारी चघळतं, कुणी भुवईच्या कडेला बोट टेकवतं. आणि डोळे उघडतात. असं का होतं? त्या स्पर्शाने किंवा कृतीने मेंदूतल्या त्या केंद्रांकडे वेगळे संदेश जातात आणि आवळण्याचा हुकूम थोडा वेळ मागे पडतो. रुग्णाला ही युक्ती कुणी शिकवलेली नसते, ती त्याची त्यालाच सापडते. आमच्या दृष्टीने ही निदानाची मोठी खूण आहे. घरच्यांच्या दृष्टीने मात्र तोच नाटकाचा पुरावा ठरतो. 'हवे तेव्हा बरे उघडतात!' ज्या खुणेने डॉक्टरने आजार ओळखायचा, त्याच खुणेवरून घर माणसाला खोटं ठरवतं.

यात फक्त घरच्यांना दोष देऊन चालणार नाही. वैद्यकशास्त्रानेही हेच केलं आहे. फ्रान्समधले मेंदूविकारतज्ज्ञ आंरी मेज यांनी १९१० मध्ये पापण्या आणि चेहरा आवळला जाण्याच्या या विकाराचं वर्णन केलं होतं. तरी त्यानंतर कित्येक दशकं अशा रुग्णांना मानसिक ठरवून परत पाठवलं जात होतं. १९७६ मध्ये लंडनच्या डेव्हिड मार्सडेन यांनी अशा रुग्णांचा अभ्यास मांडून हा मेंदूच्या हालचाल-नियंत्रणाचा आजार आहे हे ठामपणे सांगितलं. तेव्हा तुम्ही-आम्ही शाळेतच होतो. म्हणजे ही मान्यता आपल्या हयातीतली आहे.

उपचार तर त्याहून अलीकडचा. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट तिरळेपणावर शस्त्रक्रियेऐवजी काही सापडतं का, याचा शोध घेत होते. त्यासाठी त्यांनी निवडलं ते बोटुलिनम नावाचं विष. खराब झालेल्या अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचं कारण असलेलं हे विष. 'बोटुलस' म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज, कारण जर्मनीत ही विषबाधा पूर्वी सॉसेज खाण्यातून होत असे. हे विष नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं. अतिशय सूक्ष्म मात्रेत, नेमक्या जागी दिलं, तर फक्त तेवढाच स्नायू सैल पडतो. स्कॉट यांनी १९८० मध्ये माणसांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि १९८९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि ब्लेफरोस्पाझम या दोन्हींसाठी त्याला परवानगी मिळाली. पुढे तेच 'बोटॉक्स' म्हणून जगभर पोचलं. सुरकुत्या घालवण्याचा शोधही याच आजाराच्या रुग्णामुळे लागला. कॅनडातल्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स ब्लेफरोस्पाझमसाठी इंजेक्शन देत होत्या, तेव्हा कपाळाच्या आठ्याही जातात असं लक्षात आलं. म्हणजे सिनेनट्यांच्या आधी हे औषध तुमच्या-माझ्यासारख्यांचे डोळे उघडायला आलं होतं.

इंजेक्शन अगदी बारीक सुईने डोळ्यांभोवती काही ठिकाणी देतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम. परिणाम दोन-चार दिवसांत जाणवू लागतो आणि साधारण तीन ते चार महिने टिकतो. मग पुन्हा घ्यावं लागतं. त्यामुळे आजार मुळातून बरा होत नाही, आटोक्यात राहतो. कधी पापणी थोडी खाली पडते, डोळा कोरडा होतो, एखादा डाग काळा-निळा होतो, क्वचित एकाचे दोन दिसतात. हे तात्पुरतं असतं. सोबत गुलाबीसर रंगाची काच काहींना उजेडापासून आराम देते. पोटात घ्यायच्या गोळ्यांचा उपयोग मर्यादित, आणि त्यांनी झोप येते. इंजेक्शनने भागत नसेल तर पापणीचे काही स्नायू काढण्याची शस्त्रक्रियाही असते, पण ती थोड्यांनाच लागते. औषध स्वस्त नाही हेही सांगायला हवं. मोठ्या सरकारी रुग्णालयांत किंवा धर्मादाय रुग्णालयांत चौकशी करून ठेवावी.

त्या बाईंना इंजेक्शन दिल्यावर सहाव्या दिवशी त्या एकट्या एसटीने गेल्या आणि आल्या. तिसऱ्या वेळी एक पापणी दोन आठवडे जड राहिली, तेव्हा त्या माझ्यावर चिडल्याही. पण निवृत्तीपर्यंत त्या वर्गावर उभ्या होत्या. मला लक्षात राहिलं आहे ते मात्र पहिल्या दिवसाचं. मी आजार समजावून सांगितल्यावर यजमान बराच वेळ गप्प होते. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, 'म्हणजे ती खरंच सांगत होती?' बाई तेव्हाही काही बोलल्या नाहीत. पदराने डोळे पुसत राहिल्या.

आता आपल्या वयाला लागू पडणारी एक सूचना. ॲसिडिटी, पोट फुगणं, मळमळ यांसाठी मिळणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये लेवोसल्पिराइड असतं, उलटीच्या काही औषधांत मेटोक्लोप्रामाइड असतं. मनोविकारांवरच्या काही औषधांचंही तसंच आहे. ही औषधं दीर्घकाळ घेतल्यास काहींना चेहऱ्याच्या, जबड्याच्या किंवा पापण्यांच्या अनिच्छित हालचाली सुरू होऊ शकतात. औषध चांगलं की वाईट हा प्रश्न नाही. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून वर्षानुवर्षं आणत राहणं, हा प्रश्न आहे. तसं काही जाणवलं तर गोळी मनाने बंद करू नका, पण सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.

कधी दाखवायला यायचं, हे गणिताच्या सरांच्या पद्धतीने, मुद्द्यांत सांगतो. एक, लवणं दोन-तीन आठवड्यांच्या पुढे गेलं तर. दोन, पापणी नुसती थरथरत नसून डोळा पूर्ण मिटत असेल तर. तीन, गाल किंवा तोंड ओढलं जात असेल तर. चार, डोळा लाल होत असेल, चिपडं येत असतील, सूज असेल किंवा वरची पापणी खाली पडली असेल तर. आणि एक वेगळी गोष्ट यात मिसळू नका: अचानक तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तो डोळ्याचा प्रश्न नाही. त्या क्षणी रुग्णालय गाठायचं. उजवा-डावा बघत बसायचं नाही.

या सभागृहात आपले शिक्षक बसले आहेत. आमच्यापैकी कोण खरोखर आजारी आहे आणि कोण गृहपाठ झाला नाही म्हणून पोट धरून बसलं आहे, हे तुम्हाला चेहऱ्यावरून कळायचं. ती नजर फार थोड्यांना असते. आम्हा बाकीच्यांना ती नाही, म्हणून आम्ही एवढंच करावं: घरातली बायको, आई, काकू, शेजारचे अण्णा सारखे डोळे मिटत असतील, टीव्ही नुसता ऐकत असतील, उन्हात बाहेर पडायचं टाळत असतील, बोलताना बरे आणि एकटे असताना वाईट असतील, तर त्यांची परीक्षा घेऊ नये. 'मघाशी तर उघडे होते' हे वाक्य बोलू नये. डॉक्टरकडे घेऊन जावं, आणि तिथे हेच वाक्य मात्र नक्की सांगावं, कारण डॉक्टरला त्याचा उपयोग आहे.

माझी वेळ संपत आली. समोर दोघांचे डोळे मिटलेले दिसतात, पण तो पुरणपोळीचा परिणाम आहे, त्यावर इंजेक्शन नाही. कुणाला काही विचारायचं असेल तर मी चहापर्यंत इथेच, मागच्या बाकावर आहे. चहा मात्र अर्धाच घ्या.